नवसागराचा नकाशा

लिहायला बसण्याआधी मी खोलीला आतून कडी लावली. घरात कोणी नाही. मुलगी सासरी, बायको जाऊन बरीच वर्षं झाली, शेजारचे लातूरला लग्नाला गेलेत. तरी लावली — आणि मग स्वतःचंच हसू आलं. जी गोष्ट बायकोला सांगितली नाही, पाठच्या भावाला सांगितली नाही, देवापुढेही बोललो नाही — मी देवापुढे फारसा उभा राहत नाही, पण राहिलो तेव्हाही — ती आता भिंतींपासून लपवून काय मिळणार? तुमची माझी ओळख नाही. म्हणूनच तुमच्याशी बोलता येईल असं वाटतं. बघू.

सुरुवात चित्रांपासून करतो. चित्रं माझ्या सोयीची आहेत, म्हणून. मूळ गोष्टीकडे जाईन हळूहळू. घाई करू नका.

निजामाच्या राज्यातली गोष्ट. मी लातूरला फौकानियात, म्हणजे हायस्कुलात, सायन्स शिकवायचो. शाळेत एक पितळी सूक्ष्मदर्शक होता, विलायती, काचेच्या कपाटात कुलपात ठेवलेला. वर्षातून एकदा तपासणीला साहेब यायचे तेव्हा तो बाहेर निघायचा. शिपाई त्याला चिंच लावून घासायचा, सदर मुदर्रिस — हेडमास्तर — त्याच्या नळीला झेंडूचा हार घालायचे, साहेब त्याच्याकडे लांबून बघून मान हलवायचे, आणि तो परत कुलपात जायचा. त्यातून कोणी डोळा लावून बघितल्याचं मला आठवत नाही. देव बरा, त्याला निदान नैवेद्य तरी असतो.

मी किल्ली मागून घेतली. पहिल्यांदा काय बघितलं असेल? तुरटी. कोमट पाण्यात विरघळवलेल्या तुरटीचा एक थेंब काचेवर फासला आणि वाळू दिला. थेंब वाळत गेला तशा कडेपासून रेषा उगवायला लागल्या — उगवायला, हाच शब्द — सरळ, कोन करून वळणाऱ्या, कोणी न आखलेल्या. मी शाळेची घंटा ऐकली नाही. पुढच्या तासाची पोरं दारात उभी राहून मला बघत होती.

तेव्हापासून वेड लागलं. लातुरात एक फिरता फोटोग्राफर येऊन राहिला होता. त्याने एका देशमुखांचा फोटो काढला आणि त्यात देशमुखांचं पोट जेवढं होतं तेवढंच आलं, त्यामुळे त्याचा धंदा बसला. त्याचा लाकडी पेटीचा मोठा कॅमेरा मी घेतला. भिंग काढून टाकलं आणि त्या भोकात सूक्ष्मदर्शकाची नळी बसवली. सांध्याला काळं कापड गुंडाळलं. खिडकीत आरसा धरून ऊन खालून काचेवर सोडायचं. पण उजेड सरळ आला तर सगळंच पांढरं दिसतं. म्हणून उजेडाच्या वाटेत मधोमध काळ्या कागदाची एक टिकली लावायची. मग उजेड फक्त कडेकडेने, तिरका येतो. मागचं सगळं काळं राहतं आणि स्फटिक तेवढे पेटल्यासारखे दिसतात. मिठाचे केले, साखरेचे केले. सगळ्यात सुंदर नवसागर. त्याच्या फांद्या फुटतात, फांदीला डहाळी, डहाळीला आणखी बारीक डहाळी — पानं मात्र कुठेच नाहीत.

आमच्याकडे भिंतीवर फोटो लागतो तो देवाचा नाहीतर मेलेल्याचा. माझा फोटो कशाचाच नव्हता. मला त्याचा केवढा अभिमान होता, सांगू? झाडासारखं दिसतं पण झाड नाही, नदीसारखं दिसतं पण नदी नाही. नुसता आकार. मी त्या गावात एकटाच असं काही करतोय, हे मला पक्कं ठाऊक होतं. आणि ते दुसऱ्यांनाही ठाऊक असावं, एवढीच माझी माफक इच्छा होती.

शाळेच्या जलशात फोटो मांडले. तालुकदारसाहेब आले — आता कलेक्टर म्हणतात ते. शेरवानी, अत्तर, मागे सात-आठ माणसं. फोटोसमोर थांबले. ‘ये क्या है मास्टरसाब?’

मी या प्रश्नाची आठवडाभर वाट बघत होतो. उत्तर आरशासमोर म्हणून बघितलं होतं. म्हणालो, ‘जनाब, ये देखनेवाले पर है.’

साहेबांनी एकदा फोटोकडे बघितलं, एकदा माझ्याकडे, आणि म्हणाले, ‘बहुत खूब.’ मग मागची सगळी माणसं ‘बहुत खूब’ म्हणाली. हेडमास्तर दोनदा म्हणाले. मला चांदीचा बिल्ला मिळाला. घरी येऊन मी त्या जलशाची, त्या अत्तराची, त्या ‘बहुत खूब’ची अशी टर उडवली की बायको हसून हसून खाली बसली. बिल्ला मात्र मी ट्रंकेत, रेशमी रुमालात ठेवला. ते तिने बघितलं. 

आणि ते वाक्य — ते मी जपून ठेवलं. कोणीही विचारलं की तेच. सासुरवाडीला तेच, शिक्षकांच्या चहाला तेच. ऐकणारा गप्प व्हायचा. माणूस गप्प झाला की मला वाटायचं, त्याला पटलं.

पुढे नांदेडला बदली झाली.

आता नरहररावाबद्दल सांगायला हवं. इथून पुढे मला सावकाश जावं लागेल.

नरहरराव देगलूरकडचा, माझ्याच वयाचा. नांदेडात त्याचं इंग्रजी औषधांचं दुकान होतं. लढाईचे दिवस, फोटोचा कागद बाजारातून नाहीसा झालेला. मी त्याच्याकडे काही रसायनं मागायला गेलो आणि तिथेच बसलो. नंतर रोज बसायला लागलो. लोहाचं एक हिरवट औषध असतं, रक्त वाढवायचं, अशक्त बायकांना देतात. ते आणि दुसरं एक तांबडं रसायन पाण्यात कालवून साध्या कागदाला लावलं, काळोखात वाळवलं, वर फोटोची काच, म्हणजे निगेटिव्ह, ठेवून उन्हात धरलं आणि पाण्यात धुतलं, की निळं चित्र उमटतं. गडद निळ्यावर पांढऱ्या रेषा. इंजिनिअर लोक आपले नकाशे याच कागदावर काढतात. हे शेवटचं वाक्य लक्षात ठेवा. मी तेव्हा ठेवलं नाही.

शुक्रवारी शाळेला सुट्टी. गुरुवारी मी तिथल्या शाळेतला सूक्ष्मदर्शक पिशवीत घालून घरी न्यायचो आणि शनिवारी परत ठेवायचो. विचारलं कोणालाच नव्हतं. नांदेडात माझ्या या उद्योगाची खबर घरच्यांशिवाय फक्त नरहररावाला आणि त्याच्या बायकोला, रुक्मिणीवहिनींना. नवसागर त्याच्याच दुकानातला, खोकल्याच्या औषधात घालायचा.

पहिलं चांगलं निळं चित्र उतरलं ते वीतभर लांबीचं. डावीकडून उजवीकडे फांद्याच फांद्या. आणि मधून आडवी एक लांब वाकडी जोडरेषा, तिच्यावर मधून मधून ठिपके. ती जोडरेषा काय होती? माझ्या डोक्याचा केस. काचेवर पडला होता. तिरक्या उजेडात केसाच्या दोन्ही कडा चमकतात आणि मधला भाग काळा राहतो, म्हणून दोन रेषा. ठिपके म्हणजे धूळ. चूकच ती, गबाळेपणा. पण मी म्हणालो, ती रेषा मी मुद्दाम ठेवली आहे, तिच्यामुळे चित्राला तोल आला आहे.

नरहररावाने चित्र दिव्याजवळ नेलं, लांब धरलं, उलटं केलं. ‘मास्तर, पण हे हाय काय?’

‘ते बघणाऱ्यावर आहे.’

‘मंग मला नवसागर दिसून राहिला,’ तो म्हणाला. ‘आन हा तुमचा केस हाय. लई गळून राहिलेत, तेल लावत जा.’

मी रागावलो. दोन दिवस दुकानात गेलो नाही. तिसऱ्या दिवशी गेलो तर त्याने ते चित्र काचेत बसवून, रक्तवाढीच्या औषधाच्या जाहिरातीशेजारी टांगलेलं. ‘दोन्ही एकाच बाटलीतले,’ म्हणाला. ‘भाऊ-भाऊ हायत, शेजारी राहू द्या.’

अशी माणसं आयुष्यात किती भेटतात? मला एकच भेटला.

मग ते शेवटचं वर्ष आलं. पलीकडे देश स्वतंत्र झाला होता आणि आम्ही अजून सरकार-ए-आलीत, निजामाच्याच राज्यात, होतो. पैनगंगेपलीकडून माणसं येतात, किनवटच्या जंगलात लपतात, रूळ उखडतात, अशा बातम्या रोज. कोण कोणाशी काय बोलतो याला अर्थ आला होता. नरहरराव दर महिन्याला किनवटला जायचा. जंगलातल्या गावांना हिवतापाच्या गोळ्या द्यायच्या, पुढच्या फेरीला हिशेब घ्यायचा, असा त्याचा धंदा. गोळ्यांशिवाय आणखी काही तो नेत होता का? मला माहीत नाही. मी विचारलं नाही, त्याने सांगितलं नाही. विचारलं असतं तर त्याने सांगितलं असतं, आणि म्हणूनच मी विचारलं नसावं.

एका दुपारी त्याला दुकानातून नेलं. दुकान उलटंपालटं केलं. मिळालं काहीच नाही. भिंतीवरचं चित्र तेवढं काढून नेलं.

दुसऱ्या दिवशी हेडमास्तरांनी मला वर्गातून बोलावलं. पोलीस ठाण्याच्या अमीनसाहेबांना, म्हणजे फौजदारांना, कोणी सायन्स शिकलेला, नकाशा वाचू शकणारा माणूस पाहिजे होता. हेडमास्तरांनी अभिमानाने माझं नाव दिलं होतं. मी कोट घालून गेलो.

थांबतो जरा.

ठाण्यात टेबल होतं, टेबलावर हिरवं कापड, आणि कापडावर माझं चित्र. काचेतून काढलेलं. चार कोपऱ्यांवर चार काडतुसं ठेवली होती, कागद उडू नये म्हणून. अमीन नवा होता, दुसऱ्या जिल्ह्यातून आलेला. लातूरचा जलसा, बिल्ला, यातलं त्याला काही ठाऊक असण्याचं कारण नव्हतं. ओरडणारा माणूस नव्हता तो. त्याने मला खुर्ची दिली, चहा मागवला.

‘ये देखो मास्टरसाब,’ तो म्हणाला. ‘इंजिनेरी नक्शा है. नीला कागज, सफेद लकीरां. ये जंगल के नाले. ये दो लकीरां साथ-साथ जारे — क्या है? रेल. और ये नुक्ते? पुल. कौनसे पुल पे बारूद लगाना, निशान करके रखे. मैं किनवट की लाइन से मिलाके देखा. मोड भी मिलरा.’

मी त्या बोटाकडे बघत होतो. ते माझ्या केसावरून पुढे सरकत होतं.

‘दुकानवाला क्या बोलता?’ मी विचारलं. आवाज माझाच होता.

‘बोलता, हैदराबाद के बाजार में लिया. किससे लिया, नाम नहीं बताता. मारे, तो भी नहीं बताया.’

म्हणजे काय झालं होतं ते कळलं ना तुम्हाला? त्याला एक शब्द पुरे होता. ‘मास्तराने केलं’ — एवढं म्हटलं असतं, तर मला बोलावून विचारलं असतं आणि दहा मिनिटांत सगळं मिटलं असतं. ते त्याने म्हटलं नव्हतं. का नव्हतं, ते मला त्या खुर्चीत बसल्या बसल्या समजलं. तो मागच्या कोठडीत होता. मधे एक अंगण.

आणि माझ्याकडे काय नव्हतं? घरी ती काच होती, वाळलेल्या नवसागराची, केसासकट. फोटोची काच होती. पुडी मागवून अमीनच्या डोळ्यांसमोर, त्याच्याच चहाच्या बशीत नवसागर विरघळवून दाखवता आला असता. फांद्या उगवताना बघून तो माणूस कदाचित हसलाही असता. मी वर्गात पोरांना हेच करून दाखवायचो.

‘तो आप का इल्म क्या बोलता है?’ अमीनने विचारलं.

मी म्हणालो, ‘जनाब, ये देखनेवाले पर है.’

हे ते.

अमीनने मान डोलावली. ‘बहुत खूब,’ म्हणाला. ‘मैं भी येच बोलरा था. देखनेवाली नजर होना.’ आणि त्याने टाक उचलून काहीतरी लिहिलं. मी चहा संपवला. संपवला — हे मला आजही आठवतं. साखर जास्त होती.

घाबरलो होतो, हे तर तुम्ही ओळखलंच असेल. सरकारी नोकर, शाळेची वस्तू चोरून घरी नेणारा, घरात कॅमेरा, दिवस तसले. भ्यायला ही कारणं भरपूर होती, आणि भ्यालेल्या माणसाला लोक समजून घेतात. मीही पुष्कळ वर्षं स्वतःला तसंच समजून घेतलं. पण ते खरं — कसं सांगू? — ते खरं आहे, पण ते पुरतं नाही.

तालुकदाराने माझं चित्र एक क्षण बघितलं होतं. लातूरच्या हेडमास्तरांनी तेवढंही नाही. बायकोने मला बरं वाटावं म्हणून बघितलं. नरहररावाला त्यात नवसागर दिसला. आणि हा अमीन — हा रात्रभर त्या चित्रासमोर बसला होता. त्याला एकेक डहाळी पाठ होती. कुठली रेषा कुठे वळते, कुठे दाट होते, कुठे विरते, सगळं. माझ्या चित्राकडे इतकं मन लावून त्याआधी कोणी बघितलं नव्हतं आणि नंतरही नाही. त्याचं बोट फिरत होतं आणि माझ्या पोटात भीतीच्या जोडीला आणखी काहीतरी होतं. ते सुख होतं. मला त्याचं बघणं मोडवेना. ‘हा केस आहे, साहेब, आणि ही धूळ’ — हे म्हणायचं म्हणजे काय म्हणायचं होतं, कळतं ना? मित्र आत मार खात होता, आणि मला माझ्या चित्रातला केस कबूल करायची लाज वाटत होती.

संध्याकाळी रुक्मिणीवहिनी घरी आल्या. पदर डोक्यावरून घट्ट घेतलेला, पायात काही नाही. बसल्या नाहीत. ‘भाऊजी, ते तुम्ही केलेलं चित्र हाय ना, ते धरून बसलेत. तुम्ही जाऊन सांगा ना साहेबाला. तुम्ही शिकलेले, तुमचं ऐकतील.’

बायको दारात उभी होती. तिला एवढंच माहीत होतं की मला दुपारी ठाण्यात बोलावलं होतं.

मी म्हणालो, ‘वहिनी, दुपारी जाऊन आलो. सगळं सांगितलं. त्यांचा माझ्यावर विश्वासच बसत नाही.’

वहिनींनी माझ्याकडे बघितलं आणि त्या एकदम खाली बसल्या. मला वाटलं, ओळखलं. पण त्या रडत होत्या, आणि म्हणत होत्या, ‘तुम्ही तरी गेलात हो भाऊजी. सख्खा दीर दाराशी आला न्हाई.’ बायकोने त्यांना पाणी दिलं. मग माझ्याकडे अशा नजरेने बघितलं, जशा नजरेने लग्नानंतर तिने कधी बघितलं नव्हतं. कौतुकाने. ती नजर मी पुढे आयुष्यभर वापरली.

वहिनी गेल्यावर मी ट्रंकेतून ती नवसागराची काच काढली. अंगणात गेलो, तांब्यातलं पाणी ओतलं. नवसागर पाण्यात लगेच विरघळतो. फांद्या गेल्या, डहाळ्या गेल्या. केस काचेला चिकटून राहिला होता, तो बोटाने काढावा लागला. फोटोची काच दगडावर फोडली. शाळेचा सूक्ष्मदर्शक त्यानंतर कधी घरी आणला नाही.

निजामाचं राज्य गेलं तेव्हा नरहरराव सुटून आला. डावा कान गेला होता. दुकान दुसऱ्याकडे गेलेलं, ते त्याने पुन्हा लहानसं उभं केलं. सुटून आला त्याच दिवशी तो माझ्याकडे आला होता, दाढी वाढलेली, आणि दारातूनच ओरडला — कान गेल्यामुळे मोठ्याने बोलायची सवय झालेली — ‘येडेच तुम्ही मास्तर! मी तुमचं नाव दाबून बसलो, तुमची नोकरी जाऊ नये म्हणून, आन तुम्ही आपल्या पायांनी जाऊन सांगून आले?’ आणि मला मिठी मारली. गल्ली बघत होती.

त्या मिठीत असताना सांगता आलं नसतं का? आलं असतं. दुसऱ्या दिवशीही आलं असतं. मग सत्काराचा दिवस आला. तुरुंगात गेलेल्या लोकांचा सत्कार. मांडव, भोंगा, नवे पुढारी. टोप्या बदलल्या होत्या, ‘बहुत खूब’च्या जागी टाळ्या आल्या होत्या. नरहररावाने उभं राहून सांगितलं की भर ठाण्यात जाऊन खरं बोलणारा गावात एकच माणूस निघाला. मला वर बोलावलं. शाल आणि नारळ. मी घेतला. दोन्ही हातांनी घेतला. घरी आल्यावर मांडवाची टर उडवायला तोंड उघडलं, पण बायको शालीची घडी घालत होती.

तो मधूनच म्हणायचा, ‘मास्तर, तसलं निळं चित्र अजून एक काढून द्या ना. भिंत रिकामी दिसून राहिली.’ मी म्हणायचो, काच फुटली. ‘नवी करा. नवसागर मी देतो की.’ बघू, म्हणायचो. वर्षं गेली. भिंतीवर कॅलेंडर आलं.

आता शेवटचं.

तो जायच्या आधीच्या हिवाळ्यातली दुपार. दुकान मुलगा बघायचा. आम्ही दोघं बाहेर बाकावर उन्हात बसलेलो. नरहरराव एकाएकी म्हणाला, ‘मास्तर, एक विचारायचं राहून गेलं. तुम्ही त्या अमीनाला सांगितलं, चित्र मीच केलं म्हणून. मंग तुम्हाला त्याने सोडलं कसं?’

संशय नव्हता. त्याच्या आवाजात संशय कधीच नसायचा. कुतूहल होतं. मला इतक्या वर्षांत हा प्रश्न सुचला नव्हता, बघा — सगळ्यात साधा प्रश्न. 

आणि मग उत्तर आलं. कुठून आलं, विचारू नका. मी म्हणालो, ‘त्याला वाटलं, मी दोस्ताला वाचवायला थाप मारतोय. म्हणाला, मास्टरसाब, दोस्ती बड़ी चीज है, मगर घर जाओ.’

‘असं?’ नरहररावाचा चेहरा फुलला. ‘आन तुम्ही नेमकं सांगितलं काय? पहिल्यापासून सांगा.’

मी सांगितलं. टेबलावरचं हिरवं कापड, चार कोपऱ्यांवर काडतुसं — हे खरंच होतं. मग मी कशी पुडी मागवली, चहाच्या बशीत नवसागर कसा विरघळवला, थेंब काचेवर कसा फासला. कडेपासून फांद्या उगवायला लागल्या तसा अमीन पुढे झुकला. मी त्याला म्हणालो, साहेब, हा नाला नाही, नवसागर आहे. ही रेल नाही, माझ्या डोक्याचा केस आहे, आणि हे पूल म्हणजे माझ्या घरची धूळ. बोलता बोलता मी बाकावर बोटाने काढून दाखवत होतो. ओठांवर एकही शब्द अडला नाही. जे त्या दिवशी बोलायला हवं होतं ते सगळं, शब्द न् शब्द, तयार होतं. इतकी वर्षं तयारच होतं.

‘केस हाय म्हणून सांगितलं?’ तो हसायला लागला. ‘म्हणजे मानलं शेवटी, केसच होता म्हणून!’

‘मानलं.’

तो हसत राहिला, डोळे पुसले, मग बाकावर वळून बसला आणि उजवा कान, चांगला कान, माझ्या तोंडाजवळ आणला.

‘मधलं नीट ऐकू आलं न्हाई, मास्तर,’ म्हणाला. ‘परत सांगा.’

मी परत सांगितलं. पहिल्यापेक्षा चांगलं.